तंजावरची लेक, पाळयंकोट्टैची क्लॅरिंडा

चितेवरून वाचलेली एक मराठी विधवा, तिला वाचवणारा इंग्रज अधिकारी, लग्नावाचून मांडलेला संसार आणि "आधी हे सोड, मग ये" असे सांगणारा धर्मगुरू! शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका तमिळ लेखकाने लिहिलेल्या कादंबरीची ही नायिका खरोखर होऊन गेली होती.

बेंगळुरूच्या चर्च स्ट्रीटवर जुन्या पुस्तकांच्या दुकानांत रेंगाळणाऱ्यांना एका विशिष्ट प्रकारच्या इंग्रजी कादंबऱ्या चांगल्या ओळखीच्या असतात. मुखपृष्ठावर उंच मनोऱ्याचे पांढरे चर्च, शेजारी एखादे मोठे झाड आणि वळून मागे पाहणारी तरुणी. कथा घडते अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या एखाद्या छोट्या गावात. तिथे सगळे सगळ्यांना ओळखतात, रविवारी सगळे एकाच चर्चमध्ये जमतात, आणि तरीही कुणीतरी काहीतरी लपवत असते. नायिकेच्या जिवावर बेतते. एक भला माणूस तिच्या पाठीशी उभा राहतो. रहस्य उलगडते, प्रेम जुळते आणि वाटेत हरवलेली श्रद्धाही परत सापडते.

प्रेम, रहस्य आणि ख्रिस्ती श्रद्धा अशी ही तिहेरी वेणी परदेशात भलतीच लोकप्रिय आहे. कॅनडाच्या लेखिका जॅनेट ओक यांची 'लव्ह कम्स सॉफ्टली' ही कादंबरी १९७९ साली आली आणि श्रद्धाळू वाचकांसाठी लिहिलेल्या प्रेमकथांना मोठी बाजारपेठ आहे हे प्रकाशकांच्या लक्षात आले. प्रेमकथांसाठी जगभर ठाऊक असलेल्या हार्लेक्विन कंपनीने १९९७ मध्ये 'लव्ह इन्स्पायर्ड' ही खास मालिका सुरू केली आणि २००५ मध्ये तिला रहस्यकथांची वेगळी शाखाही जोडली.

आपल्याकडे असे काही कुणी लिहिले आहे का? उत्तर ऐकून आश्चर्य वाटेल. लिहिले आहे, आणि तेही १९१५ साली. गावही दक्षिणेतलेच, पण आपल्या दक्षिणेतले, तमिळनाडूतल्या तिरुनेलवेलीला लागून असलेले पाळयंकोट्टै. कादंबरीचे नाव 'क्लॅरिंडा', लेखक अ. माधवय्या, भाषा इंग्रजी. आणि नायिका? ती आहे आपली, तंजावरच्या मराठी ब्राह्मण घरातली!

बेंगळुरूहून निघालेली वाट

तंजावरात मराठी घरे आली कुठून, हे समजून घ्यायचे तर पुन्हा बेंगळुरूलाच यावे लागते. १६३८ मध्ये विजापूरच्या आदिलशाही फौजेने केंपेगौडांकडून हे शहर घेतले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. शहाजीराजांचे पुत्र आणि शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांचा कारभार इथूनच चाले. मल्लेश्वरम भागातल्या काडू मल्लेश्वर देवळाशी त्यांचे नाव आजही जोडलेले आहे. तिथल्या १६६९ सालच्या शिलालेखात एकोजी म्हणून त्यांचा उल्लेख येतो.

१६७६ च्या सुमारास व्यंकोजींनी तंजावर हाती घेतले आणि तिकडेच आपली गादी स्थापन केली. मागे राहिलेले बेंगळुरू १६८७ मध्ये मोगलांनी जिंकले आणि मग म्हैसूरच्या चिक्कदेवराजांना तीन लाखांना देऊन टाकले. इकडे तंजावरात मात्र मराठ्यांचे राज्य पुढे पावणेदोनशे वर्षे टिकले. राजांच्या पाठोपाठ कारकून, शास्त्री, पुराणिक, कीर्तनकार अशी कितीतरी घरे कावेरीच्या काठी जाऊन राहिली. घरात मराठी, बाजारात तमिळ, दरबारात दोन्ही, अशी त्यांची राहणी. त्यांच्या 'दक्षिणी मराठी'चा गोडवा काही घरांतून आजही कानी पडतो.

अठराव्या शतकाच्या मध्यावर याच समाजात एक मुलगी जन्मली. तमिळ परंपरेत तिचे माहेरचे नाव कोकिळा असे सांगतात. घराण्याचा राजदरबाराशी संबंध होता, असेही म्हटले जाते. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे तिचे लग्न लहानपणीच झाले आणि लवकरच ती विधवा झाली.

चितेपाशी

माधवय्यांच्या कादंबरीतला सगळ्यात थरारक प्रसंग इथे येतो. नवरा गेला आहे. सहगमनाची तयारी झाली आहे. वाद्ये वाजताहेत, गर्दी जमली आहे, नातलगांची घाई चालली आहे. मुलीला काय वाटते हे विचारण्याची पद्धतच नाही. अशा वेळी लिटलटन नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी तिथे पोचतो आणि तिला आगीच्या तोंडातून बाहेर काढतो.

हा प्रसंग वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. सतीबंदीचा कायदा बंगालमध्ये झाला तो १८२९ साली आणि मद्रास इलाख्यात त्याच्या पुढच्या वर्षी. ही कथा आहे त्याच्या अर्धशतकाहून अधिक आधीची. म्हणजे तिला वाचवणाऱ्याच्या पाठीशी कुठलाही कायदा नव्हता. आणि वाचलेल्या मुलीच्या पाठीशी तर कुणीच नव्हते.

नेहमीची रहस्यकथा इथे संपली असती. नायिका वाचली, नायक जिंकला, पडदा पडला! क्लॅरिंडाची खरी कथा मात्र इथून सुरू होते. चितेवरून उठलेल्या विधवेला घरात घेणार कोण? सासर बंद, माहेर बंद. परक्या पुरुषाने, तेही परधर्मीयाने, हात धरून ओढलेली बाई जातीच्या दृष्टीने मेल्यातच जमा. वाचल्यानंतर तिला जाण्यासारखे एकच घर उरले होते, तिला वाचवणाऱ्याचे.

लिटलटनची बदली झाली तशी ती त्याच्याबरोबर पाळयंकोट्टैच्या छावणीत आली. त्याने तिला इंग्रजी शिकवले, ख्रिस्ती धर्माची ओळख करून दिली. दोघे एकमेकांवर जीव लावून राहिले. तो आजारी पडला तेव्हा तिने त्याची सेवा केली, असे सांगतात. पण दोघांचे लग्न झाले नाही. त्या एका गोष्टीने पुढचे सगळे अडवून धरले.

बंद दार

पाळयंकोट्टै त्या वेळी किल्ल्याभोवती वसलेले लष्करी गाव होते. ताम्रपर्णी नदीच्या पश्चिमेला देवळाचे शहर तिरुनेलवेली आणि पूर्वेला हा किल्ला. गावात ख्रिस्ती माणसे मोजकीच. अधूनमधून एक जर्मन मिशनरी तिथे येई. त्याचे नाव ख्रिस्तियान फ्रीडरिश श्वार्ट्झ.

श्वार्ट्झ हे साधेसुधे प्रकरण नव्हते. १७२६ मध्ये प्रशियात जन्मलेला हा माणूस १७५० मध्ये तरंगमबाडीला उतरला आणि पुन्हा कधी मायदेशी गेला नाही. तमिळ तर तो बोलेच, पण तंजावरच्या दरबारासाठी मराठीही शिकला होता. त्याच्या सचोटीची ख्याती अशी की १७७९ मध्ये मद्रास सरकारने हैदरअलीकडे बोलणी करायला त्यालाच श्रीरंगपट्टणला पाठवले. कंपनीच्या कुठल्याही माणसावर भरवसा नसलेल्या हैदरचा या एका पाद्र्यावर मात्र विश्वास होता. पुढे तंजावरच्या तुळजाजी महाराजांनी आपला दत्तक मुलगा, म्हणजे विद्याप्रेमी म्हणून नावाजलेले सरफोजी महाराज, मरणापूर्वी याच श्वार्ट्झच्या हवाली केला.

अशा या माणसाकडे आपली कोकिळा बाप्तिस्मा मागायला गेली. आणि श्वार्ट्झने नकार दिला.

कारण सरळ होते. ती लग्नाशिवाय एका पुरुषाबरोबर राहत होती. धर्माच्या दृष्टीने ते पाप होते, आणि पाप सुरू असताना बाप्तिस्मा द्यायचा नाही हा नियम होता. श्वार्ट्झ दुष्ट नव्हता. नियम मोडला तर आपल्या शब्दाला काय किंमत उरेल, असे त्याला वाटले असणार. पण जरा तिच्या बाजूने पाहा. आपल्या माणसांनी तिला जाळायला नेले. ज्याने वाचवले त्याच्यापाशी ती राहिली. त्याच्याकडूनच तिला नव्या देवाचे नाव कळले. आणि त्या देवाच्या दारात पोचल्यावर तिला ऐकायला मिळाले की ज्याने तुला इथवर आणले, त्याच्यामुळेच तुला आत येता येणार नाही.

या नकारातच माधवय्यांच्या कादंबरीचा जीव आहे. आगीतून वाचवणे एका धाडसी पुरुषाला क्षणभरात जमले. वाचलेल्या बाईला माणूस म्हणून उभे राहू देणे मात्र दोन्ही धर्मांच्या शहाण्या माणसांना जड गेले.

नोंदवहीतले पहिले नाव

लिटलटन वारला. त्याला पाळयंकोट्टैतच पुरले. त्यानंतर १७७८ मध्ये श्वार्ट्झ पुन्हा त्या गावी आला, तेव्हा तिने पुन्हा तीच मागणी केली. या वेळी त्याने ती मान्य केली. बाप्तिस्म्याच्या वेळी तिचे नाव क्लॅरिंडा ठेवण्यात आले. जुन्या कागदांत ते 'क्लोरिंडा' असेही लिहिलेले आढळते. तिने सांभाळलेल्या एका मुलालाही तिच्याबरोबर बाप्तिस्मा मिळाला आणि त्याचे नाव ठेवले हेन्री लिटलटन. ज्याचे नाव तिला लग्नाने मिळाले नाही, ते तिने आपल्या मुलाला मिळवून दिले!

दोन वर्षांनी, १७८० मध्ये, पाळयंकोट्टैच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीची पहिली नोंदवही तयार झाली. तिच्यात चाळीस नावे आहेत, वेगवेगळ्या जातींतून आलेल्या माणसांची. यादीतले पहिले नाव क्लॅरिंडाचे आहे. दक्षिणेतल्या या मिशनचा इतिहास लिहिणारे बिशप रॉबर्ट काल्डवेल यांनी १८८१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या यादीची आणि या बाईची दखल घेतली आहे.

नाव नोंदवून ती गप्प बसली असती तर कादंबरी व्हायला फारसे काही उरले नसते. पण ही बाई स्वस्थ बसणारी नव्हती. गावात प्रार्थनेला धड जागा नव्हती आणि शिकवायला माणूस नव्हता. तिने तंजावर गाठले आणि श्वार्ट्झकडे उपदेशक मागितला. ज्या शहरात तिच्यासाठी चिता रचली गेल्याचे सांगतात, त्याच शहरात ती मागणे घेऊन परत गेली, ही गोष्ट लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्यालाही थांबून विचार करायला लावणारी आहे. श्वार्ट्झने सत्यनाथन नावाच्या आपल्या विश्वासू साथीदाराला पाळयंकोट्टैला पाठवले.

मग तिने स्वतःजवळचा पैसा घातला, इंग्रज अधिकाऱ्यांकडून मदत मिळवली आणि किल्ल्याच्या परिसरात विटा-चुन्याचे एक चर्च उभे केले. ऑगस्ट १७८५ मध्ये श्वार्ट्झनेच येऊन ते प्रार्थनेसाठी खुले केले. एकेकाळी तिला दारातून परत पाठवणारा धर्मगुरू आता तिने बांधलेल्या दारातून आत आला!

त्याच मुक्कामात श्वार्ट्झच्या नजरेत गावातला एक हुशार मुलगा भरला. त्याला तो शिकवायला तंजावरला घेऊन गेला. हा मुलगा म्हणजे पुढे तमिळ ख्रिस्ती भक्तिगीतांसाठी प्रसिद्ध झालेले वेदनायगम शास्त्री. तंजावरात ते आणि सरफोजी महाराज एकाच गुरूच्या हाताखाली शिकले आणि जन्मभराचे स्नेही झाले. मराठी राजाच्या आश्रयाला तमिळ ख्रिस्ती कवी, आणि त्या कवीच्या गावी मराठी बाईने बांधलेले चर्च. त्या काळच्या दक्षिणेत अशी सरमिसळ सहज होई.

क्लॅरिंडाने गावात मुलांसाठी लहानशी शाळा चालवली आणि लोकांसाठी विहीर खणली. १८०६ च्या सुमारास ती वारली, असे मानतात.

'पाप्पात्ती अम्माळ कोविल'

तिने बांधलेल्या चर्चला गावकऱ्यांनी जे नाव दिले, ते मोठे मजेदार आहे आणि विचार करायला लावणारेही. 'पाप्पात्ती अम्माळ कोविल', म्हणजे 'ब्राह्मण बाईचे देऊळ'. पाप्पात्ती हा ब्राह्मण स्त्रीसाठी बोलीतला तमिळ शब्द. तिच्या विहिरीलाही हेच नाव चिकटले. जातीने तिला टाकले, तिनेही जात सोडली, पण लोकांच्या तोंडी ती अखेरपर्यंत ब्राह्मण बाईच राहिली. त्यात टोमणा किती आणि माया किती? पिढ्यान्पिढ्या ज्या विहिरीचे पाणी भरले तिच्या नावात टोमणा फार काळ टिकत नाही. हळूहळू ते प्रेमाचेच नाव झाले असावे.

तिच्या पाठोपाठ या छोट्या गावात शिक्षणाची कितीतरी कामे उभी राहिली. १८९० साली इथे अंध मुलांसाठी शाळा निघाली, १८९७ मध्ये कर्णबधिर मुलांसाठी. सारा टकर या नावाने चालणाऱ्या मुलींच्या शिक्षणसंस्थेतून पुढे महाविद्यालय झाले. शाळा-कॉलेजांच्या या गर्दीमुळे पाळयंकोट्टैला 'दक्षिण भारताचे ऑक्सफर्ड' म्हणतात. या सगळ्याचे श्रेय एकट्या क्लॅरिंडाला देणे बरोबर होणार नाही. मात्र गावातल्या ख्रिस्ती मंडळीच्या कामाची पहिली वीट रचणाऱ्यांत ती होती, याबद्दल दुमत नाही. तिला आदराने 'तिरुनेलवेली चर्चची माता' म्हटले जाते.

धर्म न बदलता लिहिणारा लेखक

आता वळू या लेखकाकडे. अ. माधवय्या यांचा जन्म १८७२ मध्ये तिरुनेलवेलीकडच्या पेरुंगुळम या गावी ब्राह्मण कुटुंबात झाला. म्हणजे पाप्पात्ती अम्माळची गोष्ट त्यांच्या मुलखातलीच. शिक्षण मद्रास ख्रिश्चन कॉलेजात आणि नोकरी मीठ व अबकारी खात्यात. दिवसभर सरकारी कामासाठी गावोगाव हिंडायचे आणि उरलेल्या वेळात लिहायचे, असा त्यांचा क्रम. १८९८ साली प्रसिद्ध झालेली 'पद्मावती चरित्रम' ही त्यांची कादंबरी तमिळमधल्या सुरुवातीच्या महत्त्वाच्या कादंबऱ्यांत गणली जाते. १९०३ मध्ये त्यांनी 'मुत्तुमीनाक्षी' लिहिली, तीही एका ब्राह्मण मुलीची कथा. घरातल्या बायकांवर, विशेषतः बालविधवांवर होणारा अन्याय हा त्यांच्या लेखनातला कायमचा सल होता.

माधवय्यांनी धर्म बदलला नाही. तरी त्यांनी एका धर्मांतरित बाईला नायिका केले, तिच्या नव्या श्रद्धेला मान दिला आणि तिच्या प्रेमाला पाप म्हणून हिणवले नाही. त्याच वेळी तिच्या जुन्या हिंदू संस्कारांनाही त्यांनी तुच्छ लेखले नाही. आपल्या माणसांच्या चुका दाखवताना आपल्या घराची बदनामी होते, अशी भीती अनेक लेखकांना वाटते. माधवय्यांना ती वाटली नाही. चितेपाशी उभे असलेले आप्त त्यांनी जितक्या स्पष्टपणे रंगवले, तितक्याच स्पष्टपणे नियमाच्या पुस्तकाला धरून बसणाऱ्यांकडेही पाहिले.

या लेखकाचा शेवटही कादंबरीत शोभावा असा झाला. २२ ऑक्टोबर १९२५ रोजी मद्रास विद्यापीठाच्या सिनेटच्या सभेत तमिळ हा विषय पदवी अभ्यासक्रमात असला पाहिजे, अशी बाजू त्यांनी मांडली. भाषण संपवून ते खाली बसले आणि तिथेच त्यांचे प्राण गेले. वय अवघे त्रेपन्न. वन्यजीवांवरच्या लेखनासाठी आणि छायाचित्रांसाठी प्रसिद्ध असलेले मा. कृष्णन हे त्यांचेच धाकटे चिरंजीव.

'क्लॅरिंडा' नंतर बरीच वर्षे विस्मरणात गेली. पाळयंकोट्टैच्याच एका प्राध्यापिकेने, सरोजिनी पाक्कियमुत्तू यांनी, तिचा तमिळ अनुवाद केला आणि आपल्या गावच्या या नायिकेला तिच्या गावच्या भाषेत परत आणले. पुढे साहित्य अकादमीने मूळ इंग्रजी कादंबरीची नवी आवृत्ती काढली, त्यामुळे ती पुन्हा वाचकांच्या हाती आली.

यमुना, सगुणा आणि क्लॅरिंडा

मराठी वाचकाला क्लॅरिंडा वाचताना दोन जुन्या मैत्रिणींची आठवण होईल. पहिली यमुना. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचा मान आहे, ती बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ साली प्रसिद्ध झाली. बाबा पदमनजी बेळगावचे, स्वतः धर्मांतर केलेले. विधवांचे हाल सांगण्यासाठीच त्यांनी कादंबरी हा नवा प्रकार हाताळला. यमुना नवऱ्याबरोबर गावोगाव फिरते, विधवांच्या कहाण्या ऐकते आणि पुढे स्वतःवरच ती वेळ येते. म्हणजे आपल्या भाषेतली पहिली कादंबरीच मुळी ख्रिस्ती श्रद्धेतून आणि विधवेच्या दुःखातून जन्मली!

दुसरी सगुणा. अहमदनगरच्या हरिपंत खिस्ती यांची मुलगी कृपाबाई वैद्यकीय शिक्षणासाठी मद्रासला गेली. प्रकृतीने साथ दिली नाही म्हणून शिक्षण सुटले, पण तिथे तिला जन्माचा जोडीदार मिळाला, सॅम्युएल सत्तियनाधन. त्यांचे वडील तिरुनेलवेलीकडचेच. कृपाबाईंनी लिहिलेली 'सगुणा' १८८७-८८ मध्ये मद्रास ख्रिश्चन कॉलेजच्या मासिकात क्रमशः आली. भारतीय स्त्रीने इंग्रजीत लिहिलेली पहिली आत्मकथनात्मक कादंबरी म्हणून तिचा उल्लेख होतो. आईवडिलांचे धर्मांतर, गोऱ्या मिशनरी बायकांकडून झालेला अपमान, शिक्षणाची ओढ आणि शेवटी मनासारखा सहचर, असा तिचा प्रवास आहे. १८९४ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, कृपाबाई गेल्या.

तिघींची तुलना केली की एक फरक जाणवतो. यमुनेला तिच्या लेखकाने पुन्हा लग्न लावून सुखी केले. सगुणेला प्रेम आणि लग्न एकत्र मिळाले. क्लॅरिंडेला लग्न कधीच मिळाले नाही. तिच्या वाट्याला आलेले प्रेम समाजाच्या कुठल्याच खात्यात जमा होत नव्हते. तरीही तिने ते लपवले नाही, की त्याची लाज बाळगली नाही. मुलाला ठेवलेले नाव याची साक्ष आहे. म्हणून ती आजच्या वाचकाला अधिक जवळची वाटते.

आजही आपल्या आजूबाजूला नवऱ्याच्या मारातून सुटून बाहेर पडलेल्या, घर सोडून आलेल्या, दुसऱ्यांदा संसार मांडू पाहणाऱ्या बायका आहेत. त्यांना वाचवणारे हात कधीकधी भेटतात. बातमी होते, कौतुक होते. पुढे काय? भाड्याने खोली देताना, मुलाला शाळेत घालताना, हळदीकुंकवाला बोलावताना पुन्हा तेच प्रश्न येतात. कुणाबरोबर राहत होतीस? लग्न झाले होते का? दार उघडण्याआधी प्रत्येक जण आपापली नोंदवही तपासतो.

गाडी दक्षिणेला जाते

बेंगळुरूहून संध्याकाळी नागरकोइलच्या गाडीत बसले की होसूर, सेलम, मदुराई मागे टाकत गाडी दुसऱ्या दिवशी पहाटे-सकाळी तिरुनेलवेलीला पोचते. ताम्रपर्णीवरचा पूल ओलांडला की पाळयंकोट्टै. सवड असेल तर वाट वाकडी करून तंजावरलाही जावे. तिथल्या श्वार्ट्झ चर्चमध्ये सरफोजी महाराजांनी आपल्या गुरूसाठी इंग्लंडहून मागवलेले संगमरवरी शिल्प आहे, जॉन फ्लॅक्समन या नामवंत शिल्पकाराने घडवलेले. मृत्युशय्येवरच्या श्वार्ट्झचा हात धरून उभे असलेले सरफोजी त्यात दिसतात. मराठी राजाने ख्रिस्ती गुरूचे ऋण असे दगडात कोरून ठेवले.

क्लॅरिंडाचे असे शिल्प कुणा राजाने घडवून घेतले नाही. तिच्या नावाचे चर्च आहे, विहिरीची आठवण आहे, एका तमिळ लेखकाने लिहिलेली कादंबरी आहे आणि १७८० सालची ती यादी आहे. श्वार्ट्झने एकदा परत पाठवलेल्या बाईचे नाव तिच्यात पहिल्या ओळीवर आहे, आणि बाकीची एकोणचाळीस नावे तिच्या खाली.